पाठीकडून रंगणारे चित्र

अंडे न घालता केक हलका होतो की नाही, हा वाद आता जुना झाला. दही आणि खाण्याचा सोडा, आटवलेले गोड दूध किंवा लिंबू पिळून फाटविलेले दूध, यांपैकी कोणत्याही मार्गाने केक साधतो, हे जैन घरांतील ओव्हननी केव्हाच सिद्ध केले आहे. केकच्या आतला प्रश्न असा सुटला. वरचा मात्र अजून अर्धवटच सुटलेला आहे. वाढदिवस ज्याचा, त्या बालकाला केकच्या आत काय आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. त्याला वर चित्र हवे असते. मोर हवा, आगगाडी हवी, अवकाशयान हवे. आणि हे चित्र आणायचे कोठून, येथे घरातील माउलीची खरी अडचण सुरू होते.

फॉन्डंट, म्हणजे साखरेच्या मळलेल्या लगद्याची चित्रे, हा एक मार्ग. परंतु त्याच्या पारंपरिक पाककृतीत जिलेटिन असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून तयार होते. जिलेटिनविरहित फॉन्डंट बाजारात मिळतो; तो वेष्टन वाचूनच घ्यावा लागतो, आणि मुले तो बाजूला काढून ठेवतात ते निराळेच. दुसरा मार्ग छापील फोटोचा. पिष्टमय पातळ पत्र्यावर खाद्य शाईने छापलेले चित्र केकवर चिकटविले की काम संपते. ते झटपट होते हे खरे, पण सपाट दिसते, आणि खाताना ओल्या कागदाची आठवण येते.

तिसरा मार्ग थोडा आडवळणाचा आहे. शिकागो येथे १९२९ पासून केक-सजावटीचे शिक्षण देणाऱ्या विल्टन घराण्याच्या परंपरेत अमेरिकेतील असंख्य गृहिणींचा हात बटरक्रीमवर बसला. त्यांच्यातील हौशी मंडळींत गोठविलेल्या क्रीमचे चित्र केकवर उलटविण्याची ही युक्ती फार लोकप्रिय झाली. तेथे तिला ‘फ्रोझन बटरक्रीम ट्रान्स्फर’ म्हणतात, आणि थोडक्यात ‘एफबीसीटी’. युक्ती अशी की चित्र केकवर काढायचेच नाही. ते बटर पेपरवर क्रीमने काढायचे, फ्रीझरमध्ये दगडासारखे कडक करायचे आणि मग पालथे करून केकवर ठेवून कागद सोलून घ्यायचा. ज्याला चित्रकला येत नाही, पण खालची रेघ गिरविता येते, त्यालाही हे जमते. केकवर थेट काढताना हात चुकला तर केक बिघडतो. येथे हात चुकला तर कागदावरची रेघ सुरीच्या टोकाने खरवडून पुन्हा काढता येते. भित्र्या हातांना या एका सोयीने मोठा धीर येतो.

मात्र यात सगळेच उलट्या क्रमाने घडते, आणि नवशिक्याची फसगत येथेच होते. चित्र पालथे पडणार असल्याने कागदाला जी बाजू चिकटलेली आहे तीच पुढे दर्शनी बाजू होणार. म्हणून जे सर्वांत वर दिसायला हवे ते सर्वांत आधी घालावे लागते. डोळ्यातील पांढरा ठिपका आधी, मग काळी बाहुली, मग डोळ्याचा पांढरा भाग, त्यानंतर चेहरा, आणि शेवटी चेहऱ्यामागची पार्श्वभूमी. काचेच्या मागच्या बाजूने रंगविलेली जुनी चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. अठराव्या शतकात चीनकडून पश्चिम भारतात आलेली आणि पुढे तंजावरकडेही बहरलेली ती कला नेमकी याच शिस्तीने चालते. दागिन्यांची नक्षी आधी, अंगवस्त्र नंतर, आणि आकाश सर्वांत शेवटी.

उजवे-डावेही बदलते. उजवीकडे तोंड केलेला मोर उलटल्यावर डावीकडे पाहू लागतो. मोराच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. अक्षरांच्या बाबतीत सगळेच बिघडते. देवनागरीत तर आणखी एक गंमत आहे. ऱ्हस्व वेलांटी आरशात पाहिली की दीर्घ भासते, त्यामुळे घाईत तपासणाऱ्या डोळ्याला चूक चटकन दिसतही नाही. मंगलचिन्ह म्हणून स्वस्तिक घालण्याची हौस असेल, तर त्याच्या भुजांची दिशा उलटल्यावर बदलणार, हे कागद आखतानाच ध्यानात घ्यावे. मूळ चित्र मोबाइलवर आडवे फिरवून मगच छापावे, किंवा ट्रेसिंग पेपरवर जाड पेनाने काढून तो कागद पालथा ठेवावा आणि मागून दिसणारी रेघ गिरवावी. नाव तर चित्रात घालूच नये. ते नंतर केकवर थेट लिहावे, म्हणजे चिंताच नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे. या पद्धतीचे नावच बटरक्रीम. जैन घरात पहिली अडचण नेमकी त्या नावातच आहे.

मध, मद्य, मांस आणि माखण या चार महाविगईंमध्ये लोण्याची गणना होते, हे श्वेतांबर घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. दिगंबर घरांतही लोणी ताकापासून सुटल्यावर मुहूर्ताच्या आत, म्हणजे ४८ मिनिटे होण्यापूर्वी, तापवून त्याचे तूप करण्याची मर्यादा पाळली जाते. अंडे नाही म्हणून केक निर्धास्तपणे पुढे करावा आणि आजीने नुसता वास घेऊन ताट बाजूला सारावे, असे प्रसंग अनेक घरांत घडले असतील. सर्वच कुटुंबे हा नियम सारख्या काटेकोरपणे पाळत नाहीत, हेही तितकेच खरे. म्हणूनच केक करणारीने आधी विचारावे, आणि विकणारीने तर विचारल्यावाचून ऑर्डर घेऊच नये. ‘जैन केक’ या दोन शब्दांखाली बाजारात हल्ली केवळ बिनअंड्याचा केक विकला जातो. त्या शब्दांचा पुरता अर्थ विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

ज्या घरांत लोणी चालते तेथे बिनमिठाचे पांढरे बटर घ्यावे. एक भाग बटर, दोन भाग आयसिंग शुगर आणि लागेल तसे चमचाभर दूध, हे या क्रीमचे सर्वमान्य प्रमाण. पावाला लावण्याचे पिवळे बटर खारट असते आणि त्याच्या पिवळेपणामुळे निळा रंग हिरवट, तर गुलाबी रंग नारिंगीकडे झुकलेला दिसतो.

लोणी वर्ज्य असेल तेथे दोन पर्याय उरतात. पहिला वनस्पतिजन्य शॉर्टनिंगचा. अमेरिकन क्रीममध्येही ते पुष्कळदा अर्धेअधिक असतेच, कारण ते उन्हात टिकते आणि शुभ्र दिसते. पूर्वी अशा घट्ट केलेल्या तेलांत ट्रान्स फॅटचे प्रमाण फार असे. भारतात ही मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे जुन्या भयाचे कारण बरेच कमी झाले आहे. तरी वेष्टनावरील आकडा वाचावा. चवीचे म्हणाल, तर ज्या स्निग्धाचा वितळण्याचा अंश शरीराच्या उष्णतेहून अधिक असतो ते जिभेवर विरघळत नाही, टाळूला चिकटून राहते. शॉर्टनिंगच्या क्रीमबद्दलची तक्रार नेहमी हीच असते.

दुसरा पर्याय तुपाचा, आणि तो सर्वांत कमी वापरला जातो याचे नवल वाटते. नानकटाई करणाऱ्या प्रत्येक हाताला हे तंत्र अवगत आहे: थिजलेले तूप आणि पिठीसाखर तळहाताने किंवा बीटरने फेटत राहिले की पिवळेपणा उतरून ते पांढरेशुभ्र व हलके होते. तेच येथे करायचे आहे. अडचण एकच, ती कणीची. तूप सावकाश थिजले की दाणेदार होते. भातावर घेताना तो गुण असतो, पण चित्रात दोष. तूप वितळवून, भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून, सतत फेटत झटपट थिजवावे. जलद थंड झालेल्या स्निग्धात कण बारीक राहतात. मग एक भाग तुपाला दोन भाग आयसिंग शुगर घालावी आणि दोन-तीन चमचे दूध पावडर घालून घट्टपणा जमवावा. तुपाचा स्वतःचा सुगंध क्रीमला येतो. वेलची व केशर यांच्याशी तो सुरेख जुळतो, व्हॅनिलाशी तितका नाही. प्रत्येक तुपाचा कणखरपणा निराळा असल्याने पहिल्या वेळी वाटीभर क्रीमवर प्रयोग करून पाहावा.

क्रीम ठरले की पुढची कृती हाताला लवकर बसते. चित्र पंधरा सेंटिमीटरच्या आत ठेवावे. त्याहून मोठे उलटताना मोडण्याचा संभव वाढतो. छापील चित्र एका सपाट पाटावर, काचेवर किंवा ट्रेच्या पाठीवर चिकटवावे आणि त्यावर बटर पेपर ताणून चारी बाजूंनी टेप लावावा. कागदाला सुरकुती राहिली तर तीच सुरकुती चित्राच्या तोंडावर उमटते. एक किंवा दोन क्रमांकाच्या गोल नोझलने बाह्यरेषा काढाव्यात आणि पाट पाच-दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा. रेषा कडक झाल्या की त्या बांधासारखे काम करतात, रंग पलीकडे जाऊ देत नाहीत. नंतर एकेक रंग भरावा. भरताना नोझलचे टोक रेषेला अगदी टेकवून क्रीम कोपऱ्यात दाबावे, नाहीतर आत हवा राहते आणि उलटल्यावर रेषेशेजारी छोटे खड्डे दिसतात. एक रंग भरून झाला की पुन्हा थोडा वेळ गारठ्यात. मध्येच पाट उचलून काचेच्या खालून पाहावे. पाहुण्यांना चित्र जसे दिसणार तसेच तेथे दिसते, आणि राहिलेली फट वेळीच बुजविता येते. काचेवर काम करण्याचा मोठा लाभ हाच. अर्थात त्यासाठी खालचा छापील कागद निसटता ठेवावा लागतो.

शेवटी संपूर्ण चित्रावर केकच्याच रंगाच्या क्रीमचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा आणि सुरीने सपाट करावा. ही चित्राची पाठ. घाईत ती पातळ ठेवली की चित्र हातात तुकडे होऊन येते. आता निदान एक-दोन तास, शक्य तर अधिक, फ्रीझरमध्ये. केकही थंडच असावा, मात्र त्यावरचे क्रीम अगदी सुकलेले नसावे, म्हणजे चित्र धरते. उलटविण्याचा क्षण मिनिटभराचाच असतो आणि त्या मिनिटात हातांची ऊब हाच शत्रू. कागदासकट चित्र उचलावे, पालथे करून केकच्या मध्यावर ठेवावे, अलगद दाबावे आणि कागद एका कडेपासून मागे दुमडत सोलावा. कोठे चिकटला तर ओढू नये. अख्खा केक पाच मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून पुन्हा सोलावा. कडेची फट क्रीमच्या बारीक मण्यांच्या किनारीने झाकली जाते.

यानंतर चित्राला घाम फुटतो. थंड पृष्ठभागावर हवेतील बाष्प जमते, त्याला इलाज नाही. ते पुसू गेले की काळा रंग पांढऱ्यावर पसरलाच. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे थेंब थोडे असतात आणि लवकर उडतात. मुंबईत जुलै महिन्यात केक भिजल्यासारखा दिसतो. तेथे चित्र फ्रीजमध्येच सावकाश वितळू द्यावे, बंद खोक्यात कोंडू नये. सोलापूरला संकट निराळे आहे: एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुधाचे स्निग्ध तर पस्तीस अंशांच्या आसपासच पूर्ण वितळते. अशा दिवसांत लोण्यातुपाचे चित्र वातानुकूलित खोलीबाहेर नेण्याचे वचन कोणालाही देऊ नये.

काळ्या रेषेबद्दल थोडे. पांढऱ्या क्रीमला काळे करण्यासाठी इतका रंग ओतावा लागतो की चव कडवट होते. त्याऐवजी क्रीममध्ये आधी कोको घालून गडद तपकिरी करावे आणि मग काळ्याचा थेंब द्यावा, किंवा रेषा वितळविलेल्या चॉकलेटनेच काढाव्यात. चॉकलेटची रेषा घाम फुटल्यावरही पसरत नाही.

रंगांची बाब मात्र सविस्तर पाहिली पाहिजे, कारण चित्र म्हणजे रंगच, आणि येथे चांगल्या हेतूनेच चूक होते. ‘नैसर्गिक रंग’ असे वेष्टनावर वाचले की गृहिणीचा जीव निश्चिंत होतो. जैन स्वयंपाकघरात मात्र तांबड्या रंगाच्या बाबतीत नैसर्गिक हाच शब्द अधिक तपासून घ्यावा लागतो. आयएनएस १२० हा क्रमांक कार्माइनचा. निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांना वाळवून व कुटून तो काढतात. १६२ हा बिटाचा रंग, म्हणजे कंदमुळाचा. १६३ हा अँथोसायनिनचा. तो द्राक्षाच्या सालीपासून येतो तसा काळ्या गाजरापासूनही येतो, आणि कशापासून आला ते क्रमांकावरून सहजी कळत नाही. म्हणजे निसर्गातील तीन तांबड्यांपैकी एक किड्याचा, एक कंदाचा आणि तिसरा संशयाचा. उलट ज्यांची नावे ऐकून मन दचकते ते रंग येथे निर्दोष ठरतात. कार्मोइसीन, म्हणजे १२२, याचे नाव कार्माइनशी जुळते. इंडिगो कार्माइन, १३२, याच्या नावात तर तो शब्द अखंड आहे. तरी हे दोन्ही प्रयोगशाळेत तयार होणारे कृत्रिम रंग असून भारतात अन्नासाठी अनुमत असलेल्या आठ कृत्रिम रंगांपैकी आहेत. त्यांचा किड्याशी संबंध नाही. कृत्रिम रंग बेताने वापरावेत ही सूचना योग्यच आहे. पण ती आरोग्याची बाब झाली, अहिंसेची नव्हे, आणि दोहोंची गल्लत करू नये.

खरोखर निश्चिंतपणे वापरण्याजोगे नैसर्गिक रंग थोडे आहेत, पण आहेत. पिवळ्यासाठी हळद, शेंदरी छटेसाठी शेंद्रीचे बी, तपकिरीसाठी कोको. हळद व शेंद्री यांचे रंग स्निग्धात विरघळतात, म्हणून तुपाच्या क्रीमशी ते चटकन एकजीव होतात. बाजारातील जेल रंगांचे याच्या उलट आहे. ते पाण्यावर आधारलेले असतात, आणि तुपात पाणी नसल्याने त्यांचे बारीक ठिपके तसेच राहतात. तुपाच्या क्रीमला तेलात मिसळणारे रंग घ्यावेत. चॉकलेटसाठी जे विकले जातात तेच चालतात.

आणि हिरवा ठिपका? तो पाहिला की पुरे, अशी व्यापारी घरांतही समजूत आहे. भारतात अंडे घातलेल्या पदार्थाला हिरवा ठिपका मिळत नाही, हे मोठेच संरक्षण होय. परंतु लेबलविषयक २०२० च्या नियमांतील मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून दुधाबरोबर मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक हेही वगळलेले आहेत. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव, आयएनएस ९०४. केकवरील चकचकीत गोळ्यांना, रंगीत मण्यांना व चांदीसारख्या दाण्यांना झळाळी देण्यासाठी तो पुष्कळदा वापरतात. अशा दाण्यांच्या डबीवर हिरवा ठिपका असणे कायद्याला धरूनच आहे. डबी फिरवून मागची बारीक अक्षरे वाचण्यावाचून गत्यंतर नाही. चित्राच्या कडेला चमक हवीच असेल तर दाणेदार साखर किंवा पिस्त्याचे काप शोभून दिसतात.

वेळेचा हिशेबही या घरांत निराळा मांडावा लागतो. पाश्चात्त्य पाककृती सांगतात, चित्र आदल्या रात्री करून ठेवा. हवाबंद डब्यात ते कित्येक दिवस टिकते. ज्यांना वाशी पदार्थाचा निषेध नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, कारण गर्दीच्या दिवशी निम्मे काम आधीच झालेले असते. ज्यांच्याकडे ओलावा असलेला पदार्थ रात्र ओलांडून चालत नाही, त्यांच्यासाठी सर्व काम त्याच दिवशी बसवावे लागते, आणि ते बसते. केक तर सूर्यास्तापूर्वीच कापायचा. डिसेंबरात मुंबईला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुलांचे खाऊन होण्यासाठी केक पाचला कापला गेला पाहिजे. मग मागे मोजत यावे. चित्र वितळून मऊ होण्यास दोन-तीन तास, म्हणजे ते दोनपर्यंत केकवर यावे. गोठण्यास दोन तास, म्हणजे बारापर्यंत पाठीचा थर पडावा. पाच रंगांचे चित्र भरण्यास सराव झालेल्या हातालाही दीड-दोन तास, मधल्या थंडाव्याची मिनिटे वेगळी. म्हणजे नवकारशी होताच बाह्यरेषा सुरू झाल्या तर कोठेही धावपळ होत नाही. क्रीम व रंग तयार करण्याचा अर्धा तास यात धरावाच लागतो, आणि तोच नेहमी विसरला जातो.

कोणते चित्र घ्यावे, याविषयी प्रत्येक घराची रुची वेगळी. मात्र कणकेच्या कोंबड्याचा बळी दिल्याने राजा यशोधराला किती जन्म भोगावे लागले, ती कथा ज्या घरांत सांगितली जाते, तेथे हत्तीच्या किंवा सशाच्या चित्रावरून सुरी फिरविताना कोणाचा तरी हात अडखळतोच. ती भावना हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तीर्थंकरांचे किंवा साधुसाध्वींचे चित्र केकवर घालण्याचा विचारही कोणी करू नये, हे उघड आहे. फुले, तोरण, पतंग, होडी, कंदील, पुस्तकांची चवड, क्रिकेटची बॅट यांत मुलांना रस असतो आणि सपाट रंगांच्या या पद्धतीला तेच अधिक मानवतात. चित्रपटांतील व मालिकांतील प्रसिद्ध पात्रांवर त्यांच्या निर्मात्यांचा स्वामित्वहक्क असतो; घरच्या मुलासाठी गिरविणे आणि विक्रीसाठी गिरविणे यांत फरक आहे, एवढे विक्री करणारीने जाणून असावे.

विक्रीचा विषय निघालाच आहे. पुष्कळ सुना-मुली हल्ली घरून केक करून देतात. त्यांच्या घरांत दुकानाचा हिशेब पैशापैशापर्यंत चोख असतो. भाडे, हमाली, वटाव, उधारीवरचे व्याज यांतले काहीही सुटत नाही. मात्र स्वयंपाकघरातील या व्यापारात साहित्याची किंमत तेवढी धरली जाते आणि मजुरीच्या जागी शून्य लिहिले जाते, कारण काम ‘घरच्याच माणसाचे’. मग शेजारच्या बेकरीतील छापील फोटोच्या केकशी तुलना होते आणि चित्राचा केक त्याच भावात जातो. या दोन केकमधील साहित्याचा फरक खरोखरच थोडा आहे, तीनशे ग्रॅम क्रीम आणि काही रंग. बाकीचा सगळा फरक दोन-अडीच तासांच्या हातकामाचा आहे. दुकानात त्या वेळेसाठी जो पगार एखाद्या कुशल कारागिराला दिला असता, तो तासाने मोजून केकच्या किमतीत मिळविणे हा साधा व्यवहार होय. फ्रीझरची वीज, बटर पेपर आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडील नोंदणीचे शुल्क यांचाही वाटा त्यात यावा. ती नोंदणी घरगुती व्यवसायालाही लागते. ग्राहकाने भाव उतरवायला सांगितला, तर चित्रातील रंग पाचाचे तीन करावेत, म्हणजे वेळ खरोखरच घटतो. रंग पाचच ठेवून भाव उतरविला, तर तो वटाव साखरेवर वा तुपावर न पडता करणारीच्या वेळेवर पडतो.

आणखी एक खर्च मांडायचा राहतो. दहांतून एखादे चित्र उलटताना मोडणारच, असे गृहीत धरून चालावे. म्हणून महत्त्वाच्या ऑर्डरसाठी एकाच पाटावर शेजारी शेजारी दोन चित्रे काढावीत. रंगांच्या पिशव्या भरलेल्याच असतात, हात त्याच रेषांवर सरावलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या चित्राला पहिल्याच्या निम्माही वेळ लागत नाही. त्याचा खर्च पहिल्याच्याच किमतीत धरावा. पहिले सुखरूप उतरले तर दुसरे घरातील मुलांसाठी साध्या स्पंजवर ठेवून द्यावे. मोर उजवीकडे पाहतो की डावीकडे, याची चौकशी तेथे कोणी करीत नाही.